वाढू की थांबू? पेशीतल्या एका विकराची गोष्ट

नववीच्या वर्गात पेशी शिकवत असताना एका मुलीने विचारले होते, "सर, हत्तीच्या पेशी उंदराच्या पेशींपेक्षा मोठ्या असतात का?" प्रश्न साधा, पण उत्तर देताना शिक्षकाला थोडे थांबायला लावणारा. उत्तर असे, की फारशा मोठ्या नसतात. लांबच लांब मज्जापेशींसारखे अपवाद सोडले, तर हत्तीची यकृतपेशी आणि उंदराची यकृतपेशी साधारण एकाच मापाच्या. फरक असतो तो संख्येत. वर्गातील बहुतेक मुले एवढ्यावर समाधान मानतात. ही मुलगी मानणारी नव्हती. तिने लगेच पुढचा प्रश्न टाकला : "मग पेशीला कळते कसे, की आता वाढायचे आणि आता पुरे?"

त्या दिवशी मी "ते पेशीच्या जनुकांत ठरलेले असते" असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली. हे उत्तर चूक नव्हते, पण ते उत्तरही नव्हते. सगळेच जनुकांत असते! खरे उत्तर एका प्रथिनापाशी जाते. त्याचे नाव टॉर. ते प्रोटीन कायनेज या जातीचे विकर आहे आणि त्याचा शोध लागला तो पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरच्या मुठभर मातीमुळे. ही हकिकत शिक्षकांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे, कारण विज्ञानात गोष्टी कशा घडतात (आणि कशा घडता घडता राहून जातात) हे तिच्यात फार स्पष्ट दिसते.

आधी कायनेज म्हणजे काय ते पाहू. प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी. ती विशिष्ट तऱ्हेने दुमडली जाते आणि त्या आकारावर तिचे काम अवलंबून असते. सेरीन, थ्रिओनीन आणि टायरोसीन या तीन अमिनो आम्लांच्या टोकाला हायड्रॉक्सिल गट असतो. एटीपीच्या रेणूवरचा एक फॉस्फेट गट उचलून या हायड्रॉक्सिलच्या जागी जोडून देणे, हे प्रोटीन कायनेजचे काम. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. प्रथिनाच्या अंगावर असा भार एकाएकी येऊन बसला, की आसपासचे धनभारित भाग त्याच्याकडे ओढले जातात, ऋणभारित भाग दूर सरतात आणि प्रथिनाचा आकार बदलतो. आकार बदलला की काम बदलते. झोपलेले विकर जागे होते, किंवा जागे असलेले झोपते, किंवा एका प्रथिनाला घट्ट धरून बसलेले दुसरे प्रथिन त्याला सोडून देते. फॉस्फेट काढून टाकणारी विकरे वेगळी असतात, त्यांना फॉस्फेटेज म्हणतात. म्हणजे ही खूण कायमची नाही, पाटीवरच्या खडूसारखी आहे. लिहिता येते, पुसता येते.

स्नायूंतल्या ग्लायकोजेनचे विघटन करणाऱ्या विकराचा अभ्यास करताना एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांना अमेरिकेतील सिअॅटल येथे १९५५च्या सुमारास ही युक्ती सापडली. तेव्हा ती एका विकराची खासियत वाटली होती. पुढे लक्षात आले, की पेशीतले जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचे काम याच युक्तीने चालू-बंद होते. दोघांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २००२ साली मानवी जनुकसंचातील प्रोटीन कायनेजांची मोजदाद झाली तेव्हा आकडा ५१८ भरला. टॉर हे त्यांपैकी एक, आणि आकाराने बरेच दांडगे : माणसातील टॉरमध्ये २५४९ अमिनो आम्ले असतात.

आता त्या बेटाकडे वळू. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवर, चिली देशाच्या ताब्यात असलेले ईस्टर बेट प्रचंड दगडी पुतळ्यांसाठी सर्वांना माहीत आहे. तिथले मूळ रहिवासी आपल्या बेटाला रापा नुई म्हणतात. १९६४च्या अखेरीस कॅनडाच्या नौदलाच्या 'केप स्कॉट' या जहाजातून एक वैद्यकीय पथक तिथे पोहोचले. बेटावर विमानतळ होण्याचे घाटत होते. जगापासून तुटून राहिलेल्या सुमारे हजार माणसांचे आरोग्य, विमाने सुरू होण्याआधी, एकदा नोंदवून ठेवावे अशी कल्पना होती. या पथकात मॉन्ट्रियल विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जॉर्ज नोग्राडी होते. त्यांना एक गोष्ट खटकली. बेटावर घोडे पुष्कळ, माणसे अनवाणी फिरणारी, पण धनुर्वात मात्र नाही! घोड्याची लीद आणि धनुर्वात यांचे नाते आपल्याकडेही सर्वांना ठाऊक असते. हे जंतू मातीत आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी नोग्राडींनी बेटाचे ६७ भाग पाडले आणि प्रत्येकातली माती कुपीत भरून घेतली. धनुर्वाताचे बीजाणू फक्त एका कुपीत सापडले. त्यांचे काम तिथे संपले.

माती मात्र उरली. ती मॉन्ट्रियलमधल्या आयर्स्ट या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. त्या काळी औषध कंपन्या जगभरची माती गोळा करून तिच्यात नवी प्रतिजैविके शोधत असत. एका नमुन्यात स्ट्रेप्टोमायसिस हायग्रोस्कोपिकस हा जिवाणू होता आणि तो बुरशीची वाढ थांबवणारा एक पदार्थ तयार करत होता. १९७२ साली तो शुद्ध स्वरूपात वेगळा झाला. बेटाच्या नावावरून त्याला रापामायसिन म्हटले गेले.

हे काम ज्यांनी तडीस नेले ते सुरेन सेहगल. त्यांचा जन्म १९३२ साली, आज पाकिस्तानात असलेल्या खुशाब येथे झाला. औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात, डॉक्टरेट इंग्लंडमधील ब्रिस्टलला, आणि नोकरी कॅनडात. रापामायसिन हे बुरशीनाशक म्हणून चालणार नाही हे लवकरच कळले, कारण ते शरीराची प्रतिकारशक्तीच दडपून टाकत होते. बुरशीच्या रुग्णाला असे औषध देणे म्हणजे आगीतून फुफाट्यात! सेहगलांनी त्याचा नमुना अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे पाठवला, तेव्हा काही गाठींची वाढ ते रोखते असे दिसले. पण कंपनीला त्यात रस उरला नव्हता. १९८३च्या आगेमागे मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद करून लोकांना अमेरिकेत प्रिन्स्टनला हलवण्यात आले आणि बाजारात न येणारे पदार्थ टाकून द्यायचे ठरले. सेहगलांनी जाण्यापूर्वी तो जिवाणू शेवटचा एकदा वाढवला, आणि तो साठा घरच्या फ्रीजमध्ये ठेवला. घर बदलले तेव्हा तो कोरड्या बर्फात गुंडाळून बरोबर नेला. कंपनीचे व्यवस्थापन बदलल्यावर, १९८७ नंतर, त्यांनी नव्या वरिष्ठांच्या गळी हे औषध उतरवले. प्रतिकारशक्ती दडपणे हा जो दोष होता तोच आता गुण ठरला, कारण दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णाला नेमके तेच हवे असते. १९९९ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

नियमावर बोट ठेवून वागायचे तर सेहगलांचे वागणे नियमाबाहेरचे होते. मुलांना हा प्रसंग सांगताना मी तो झाकत नाही.

हे औषध पेशीत नेमके करते काय, हे मात्र कोणालाच माहीत नव्हते. ते शोधून काढले स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात मायकेल हॉल, जोसेफ हाइटमन आणि राव मोव्वा या तिघांनी. त्यांनी निवडलेला प्राणी म्हणजे प्राणीसुद्धा नव्हे, आपले पाव फुगवणारे यीस्ट. पद्धत अशी होती, की ती कागदावर काढून दहावीच्या मुलांनाही समजावता येते. रापामायसिन घातलेल्या खाद्यावर कोट्यवधी यीस्टपेशी पसरल्या. जवळजवळ सगळ्यांची वाढ थांबली. पण अधूनमधून एखादी वसाहत उगवली. त्या पेशीत उत्परिवर्तनाने एखादे जनुक बिघडलेले असणार, आणि त्या बिघाडामुळेच औषध तिला बाधत नसणार. मग ते जनुक कोणते ते शोधायचे.

पहिले जनुक सापडले ते एफकेबीपी-१२ या छोट्या प्रथिनाचे. रापामायसिन त्याला घट्ट चिकटते हे आधीच माहीत होते. म्हणजे हेच औषधाचे लक्ष्य का? थांबा. हे जनुक पूर्ण काढून टाकले तरी यीस्ट मजेत वाढत होते. औषध जर या प्रथिनाला निकामी करून पेशी थांबवत असेल, तर ते प्रथिन नसलेली पेशीही थांबायला हवी होती. ती थांबत नाही, उलट औषधालाही दाद देत नाही. याचा अर्थ एकच निघतो. औषध एकटे काही करू शकत नाही, छोटे प्रथिनही एकटे निरुपद्रवी आहे. दोघे जोडीने तिसऱ्याच कोणावर तरी जाऊन बसतात. (वर्गात हा मुद्दा मी उलगडून सांगत नाही, मुलांनाच काढू देतो. पाच-दहा मिनिटे लागतात, पण कोणीतरी काढतेच.)

तो तिसरा कोण, हे उरलेल्या वसाहतींनी सांगितले. १९९१ साली दोन नवी जनुके जाहीर झाली, टॉर-१ आणि टॉर-२. 'रापामायसिनचे लक्ष्य' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. जर्मन भाषेत 'टोर' म्हणजे वेस, आणि बाझलमध्ये श्पालेनटोर ही मध्ययुगातील वेस अजून उभी आहे, हाही योग नाव ठेवताना मनात होता. पुढच्या दोनतीन वर्षांत या जनुकांचा मजकूर वाचला गेला आणि ही प्रथिने कायनेज आहेत असे दिसले. १९९४ साली अमेरिकेतील प्रयोगशाळांनी सस्तन प्राण्यांतही तेच प्रथिन शोधले. त्याला आज एमटॉर म्हणतात. यीस्ट आणि माणूस यांचा शेवटचा सामाईक पूर्वज अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीचा. एवढ्या काळात ज्याला हात लागला नाही ते प्रथिन किरकोळ असणे शक्यच नाही.

औषध दिलेल्या यीस्टपेशी मरत नव्हत्या. भोवती भरपूर अन्न असताना त्या उपाशी असल्यासारख्या वागत होत्या. प्रथिने बनवणे कमी, साठा करणे सुरू, वाढ बंद. तोपर्यंत सर्वसाधारण समज असा होता, की अन्न मिळाले की पेशी आपोआप वाढते, जसे पाणी सोडले की हौद भरतो. बाझलच्या कामाने हा समज मोडला. अन्न असणे आणि 'अन्न आहे, वाढा' असा हुकूम सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हुकूम सोडणारा टॉर आहे.

हुकूम सोडण्यापूर्वी इतकी खातरजमा कशाला? कारण वाढ फार महाग आहे. प्रथिने तयार करणारी यंत्रे म्हणजे रायबोसोम. वेगाने वाढणाऱ्या एका यीस्टपेशीत सुमारे दोन लाख रायबोसोम असतात आणि ती दर मिनिटाला सुमारे २००० नवे रायबोसोम बांधत असते. एका रायबोसोममध्ये ऐंशीच्या घरात प्रथिने, शिवाय आरएनएचे लांब धागे. पदरात पुरेसे नसताना हे बांधकाम काढणारी पेशी अर्ध्यावर कोलमडेल.

म्हणून आपल्या पेशींत एमटॉर दोन वेगळ्या खात्रींशिवाय जागे होत नाही. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची, तसेच. पहिली किल्ली अमिनो आम्लांची. पेशीत ल्युसीन, आर्जिनीन यांसारखी अमिनो आम्ले पुरेशी असतील तर रॅग नावाची प्रथिने एमटॉरला ओढून लयकारिकेच्या पृष्ठभागावर नेतात. (हे २००८ साली समजले. आपण शाळेत लयकारिकेला पेशीची कचराकुंडी म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात कचऱ्यातून अमिनो आम्ले परत मिळतात ती इथेच, त्यामुळे साठ्याची नोंद घ्यायला यापेक्षा योग्य जागा नाही.) दुसरी किल्ली इन्शुलिनसारख्या संप्रेरकांची, म्हणजे सबंध शरीराची. इन्शुलिन पेशीच्या बाहेर ग्राहीला चिकटले, की आत एकामागून एक कायनेज जागी होत जातात आणि शेवटी टीएससी नावाच्या प्रथिनजोडीवर फॉस्फेट बसतात. ही जोडी म्हणजे ब्रेक. एरवी ती लयकारिकेवरच्या रेब या लहान प्रथिनाला दाबून ठेवते. ब्रेक सुटला की रेब मोकळा होतो आणि शेजारी आणून ठेवलेल्या एमटॉरला चालू करतो. नुसते रॅग असून भागत नाही, नुसता रेबही पुरत नाही. याशिवाय पेशीत एटीपीचा तुटवडा पडला तर एएमपीके हे आणखी एक कायनेज टीएससीचा ब्रेक पुन्हा दाबते.

आपल्या ताटात वरणभात असतो तेव्हा, ढोबळमानाने, दोन्ही किल्ल्या असतात. भातातल्या पिष्टाने रक्तात साखर आणि पाठोपाठ इन्शुलिन वाढते, वरणातून अमिनो आम्ले येतात.

जागे झालेले एमटॉर काय करते? दोन कामे विशेष महत्त्वाची. पेशीत एक प्रथिन असे असते, की संदेशवाहक आरएनएच्या टोकाला धरून त्याला रायबोसोमपर्यंत नेणाऱ्या घटकालाच ते अडवून बसते. एमटॉर या अडवणाऱ्यावर फॉस्फेट चढवते, त्याची पकड सुटते, आणि प्रथिननिर्मिती सुरू होते. दुसरे, एस-६ कायनेज या हाताखालच्या कायनेजला ते फॉस्फेट देऊन कामाला लावते. १९९९ साली फळमाशीत हे दुसरे जनुक निकामी केले गेले तेव्हा माश्या लहान निपजल्या, आणि त्यांच्या पंखांतील पेशी मोजल्यावर दिसले, की पेशींची संख्या नेहमीइतकीच आहे, प्रत्येक पेशीच लहान आहे. त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाला इतके थेट उत्तर दुसऱ्या प्रयोगाने दिल्याचे मला आठवत नाही. वाढणे आणि विभागणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही, तेही इथे हाती लागते.

एमटॉर चालू असताना ते स्वभक्षण थांबवूनही ठेवते. स्वभक्षण म्हणजे पेशीने आपलेच जुने, मोडके भाग मोडीत काढून वापरणे. उपासमारीत एमटॉर शांत होते आणि मोडीचे काम सुरू होते. यीस्टमधील या क्रियेचा उलगडा केल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओहसुमी यांना २०१६चे नोबेल मिळाले. भरपेट यीस्टला रापामायसिन दिले तरी स्वभक्षण सुरू होते, हेही त्यांच्याच प्रयोगशाळेने दाखवले होते.

ब्रेक निकामी झाला तर? टीएससी हे नाव मुळात एका आजाराचे आहे, ट्युबरस स्क्लेरोसिस. साधारण सहा हजार जन्मांमागे एका बाळात तो आढळतो. टीएससीच्या दोन जनुकांपैकी एकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. शरीरातल्या ज्या पेशीत दुसरी प्रतही जाते तिथे एमटॉरला आवरणारे कोणी उरत नाही, आणि मेंदू, मूत्रपिंड, हृदय, त्वचा अशा ठिकाणी गाठी येतात. अशा मुलांना फिट्स येतात, काहींचा बौद्धिक विकास मागे पडतो. एखादा विद्यार्थी तुमच्याही वर्गात येऊन गेला असेल. २००२ पर्यंत या आजाराचा एमटॉरशी संबंध स्पष्ट झाला, आणि २०१० साली रापामायसिनचाच एक भाऊबंद, एव्हरोलिमस, यातील मेंदूच्या एका प्रकारच्या गाठीसाठी अमेरिकेत मंजूर झाला. गाठी त्याने आक्रसतात. औषध बंद केले तर पुन्हा वाढू शकतात, कारण बिघडलेले जनुक जागच्या जागीच असते.

कर्करोगात मात्र आशा होती तेवढे यश आले नाही. मूत्रपिंडाच्या व काही प्रकारच्या स्तनांच्या कर्करोगात ही औषधे वापरतात, पण त्यांनी बहुतेक पेशी मरत नाहीत, थांबतात. शिवाय एमटॉर जोरात असताना ते इन्शुलिनच्या संदेशाला मागून लगाम घालत असते. एमटॉर दाबले की तो लगामही सुटतो आणि पेशी दुसऱ्या वाटेने जोर धरते. सेहगलांना स्वतःला १९९८ मध्ये आतड्याचा कर्करोग झाला. त्यांनी आपलेच औषध घेतले, आणि २००३ साली ते गेले. एका माणसाच्या अनुभवावरून औषधाचा गुण ठरत नाही, हे त्यांच्याइतके चांगले कोणाला ठाऊक असणार!

एक गोष्ट मला सलते. ज्या बेटाचे नाव औषधाला दिले, त्या बेटाच्या लोकांना त्यातून काही मिळाले नाही. जिथली जैवसंपत्ती तिथल्या लोकांना लाभात वाटा, हे तत्त्व नागोया करारात आले ते २०१० साली, म्हणजे माती उचलल्याला पंचेचाळीस वर्षे झाल्यावर.

शेवटी, सध्या सर्वांत जास्त विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे येतो. २००९ साली अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी मिळून जाहीर केले, की ६०० दिवस वयाच्या, म्हणजे आपल्या हिशेबाने साठीच्या उंदरांना रापामायसिन दिले तर त्यांच्या आयुष्याची कमाल मर्यादा नरांत ९ आणि माद्यांत १४ टक्क्यांनी वाढते. हे वाचून माझ्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे आले. ही गोळी आपल्याकडे मिळते का, आणि रोज किती घ्यावी? मी त्यांना सांगितले, की माणसाचे आयुष्य तिने वाढते असे सिद्ध झालेले नाही. तोंडात फोड येतात, रक्तातील चरबी वाढते, जखमा भरायला वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे प्रतिकारशक्ती कमी करण्यासाठीच ती रुग्णांना देतात. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय तिला हात लावू नका.

ते थोडे हिरमुसले. मग म्हणाले, "बरे, गोळी नको. पण उपासानेही टॉर शांत होते म्हणता ना? मी एकादशी कधी चुकवत नाही." मी विचारले, एकादशीला खाता काय? साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे कूट भरपूर घालून, आणि वर वाटीभर दही. म्हणजे साबुदाण्याचे पिष्ट ही एक किल्ली, दाण्यांतली आणि दह्यातली प्रथिने ही दुसरी. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते काही उगाच नाही. त्यांच्या टॉरला त्या दिवशी उपास होता याचा पत्ताही लागला नसणार.